सहासष्ट वजा करायचे

या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एक सतरंजी, एक माठ, एक कळशी, दोन पेले, एक खिडकी आणि एक लोखंडी कपाट आहे. भिंतीवर एक घड्याळ आहे, पण ते येणाऱ्याच्या पाठीमागे लावलेले आहे. आरसा एकही नाही. कपाटाखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, मी आहे; टॉवेलाला एक भोक आहे, त्यातून जमिनीलगतचे तेवढे मला दिसते. मोजणाऱ्या वस्तू या खोलीत मला धरून दोन, आणि वापरात त्यांतली एकच.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. ज्याच्यावर माणूस उभा राहतो, तो चपटा, काळ्या रबराचा, गोल तबकडीचा. माझ्या पोटात चार तरफा आणि एक स्प्रिंग आहे. कुणी वर उभे राहिले की तरफा दबतात, स्प्रिंग ताणली जाते आणि तबकडी फिरते. मला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे पृथ्वी एखाद्याला किती जोराने ओढते आहे. तो कोण आहे, हे मला कळत नाही. मी जमिनीवर पडून असतो, त्यामुळे चेहरेही मला फारसे दिसत नाहीत. मी माणसे पायांवरून ओळखतो.

माझ्या कारखान्यात मला ओळीने लोखंडी वजने ठेवून तपासले होते. अर्ध्या किलोचीही चूक निघाली नाही, म्हणून मला खोक्यात भरले. शहरातल्या गुलमंडीच्या एका दुकानातून माझ्याबरोबरचे काटे गेले ते व्यायामशाळेत, नाहीतर शहरातल्या घरांत. मला घ्यायला आला तो माणूस चपला दाराबाहेर काढून आत आला. त्याच्या टाचांना शेताच्या बांधासारख्या भेगा होत्या.

"किती किलोपर्यंत तोलतो ह्यो?" त्याने विचारले.

"सव्वाशे. कुणासाठी हवाय?"

"मह्या करडांसाठी."

दुकानदार मोठ्याने हसला. तो माणूस हसला नाही. त्याने मला छातीशी धरून शहराबाहेर शेंद्र्याला नेले.

त्याचे नाव मुंजाबा. त्याचे लोक मेंढरांमागे हिंडणारे, मूळचे पाचोडकडचे. आता मुंजाबा शेंद्र्याच्या एका कंपनीत माल चढवायला जायचा आणि घरी वीस-पंचवीस शेळ्या राखायचा. त्याची बायको पुतळाबाई गोठ्याचे बघायची. त्यांना एकच लेकरू. शाळेच्या दाखल्यावर त्याचे नाव सृष्टी. घरचे त्याला लेक म्हणत. पुढे या लेकराने स्वतःचे नाव स्वतः सांगितले. ते नाव होते गोकुळ, आणि मी मुलगा आहे असेही त्याने सांगितले. म्हणून मी पहिल्यापासून त्याला गोकुळच म्हणतो. लहानपणी तो वेगळा कुणी होता असे नाही. फक्त कुणी विचारले नव्हते.

करडू माझ्यावर एकटे उभे राहत नाही, उडी मारून पळते. म्हणून मुंजाबाची एक रीत होती. तो करडाला कवेत घेऊन माझ्यावर चढायचा. गोकुळ माझ्यासमोर उकिडवा बसून आकडा वाचायचा. मग त्यातून मुंजाबाचे वजन वजा करायचे, राहील ते करडाचे. मुंजाबाचे वजन सहासष्ट. लग्नात सहासष्ट होते, आताही सहासष्टच, असे तो सगळ्यांना सांगे. त्यामुळे त्याला पुन्हा वेगळे तोलायचे कुणाच्या मनातही येत नसे. सहासष्ट वजा करायचे, बस.

एकदा शहरातला एक व्यापारी बकरे घ्यायला आला होता. तो म्हणाला, "मुंजाबाभाई, पहले तुम अकेले खडे रहो. कल वलीमे में दबाके खाया तुमने. वो बिर्यानी मैं बकरे के भाव में नहीं लेता."

वाडग्यात, शेळ्यांच्या कुंपणात, जमलेले सगळे हसले. मुंजाबा करडू खाली सोडून एकटाच माझ्यावर उभा राहिला. तबकडी फिरली आणि थांबली.

"सहासष्ट!" गोकुळ ओरडला. "आबाचा काटा हलत नाय!"

गोकुळ तेव्हा दुसरीत होता. वजाबाकी तो माझ्यावरच शिकला. तोलायच्या आधी माझ्या मागचे छोटे चाक फिरवून तबकडी बरोबर शून्यावर आणायची, हेही त्यानेच ठरवले होते. "शून्य चुकलं की समदंच चुकतंय," असे तो करडांना बजावायचा. करडे झाली की मुंजाबा त्यालाही उचलून घ्यायचा, माझ्यावर चढायचा, आणि गोकुळ बापाच्या खांद्यावरून खाली वाकून स्वतःचा आकडा स्वतः काढायचा. मग मुंजाबा तो आकडा गल्लीला ऐकू जाईल असा पुकारायचा. बाजारात करडाचा पुकारतात तसाच. तोलणाऱ्या माणसांच्या घरात वजन वाढणे याच्याएवढी आनंदाची गोष्ट नसते. जनावर भरले, म्हणजे ते सुखी आहे. पोर भरले, म्हणजे पोर सुखी आहे. मित्रांनो, मलाही तेव्हा तसेच वाटायचे.

गोकुळ मोठा झाला. आता त्याला उचलणे मुंजाबाला जमेना. तो एकटाच माझ्यावर उभा राहू लागला. त्याचे अंग बदलत होते, जसे त्या वयात बदलते. एका बाजारच्या दिवशी करडे तोलून झाली. मुंजाबाने नेहमीसारखे त्याला बोलावले, आकडा वाचला आणि पुकारला.

पुतळाबाई ओसरीवरून म्हणाली, "बगा! भरली की अंगानं लेक. आता आबाचे शर्ट घालायचे सोड बया. बाईमाणूस झालीस तू."

"पाव्हणे येतील आता दारात," शेजारीण म्हणाली.

"येऊ द्या की," मुंजाबा म्हणाला. त्याचा आवाज कौतुकाने भरून आला होता.

सगळे हसत होते. मला फक्त गोकुळचे पाय कळत होते. त्याची दहाही बोटे आत वळली आणि माझ्या रबरात रुतली, जशी घसरड्या कडेवर उभ्या माणसाची रुततात. त्या दिवशी आकडा वाढला होता. त्या आकड्याचा अर्थ घरच्यांसाठी एक होता आणि त्याच्यासाठी दुसरा. वाढलेला प्रत्येक किलो त्याला स्वतःपासून लांब नेत होता.

त्यानंतर त्याच्या ताटातली भाकरी कमी होऊ लागली. कशी, किती, ते मी सांगणार नाही. त्याचे आकडेही सांगणार नाही. ते आकडे ऐकून कुणाचे भले झालेले मी पाहिले नाही. एवढेच सांगतो की, दुपारी घरी कुणी नसताना तो माझ्यावर येऊन उभा राहायचा, आणि तबकडी खाली गेलेली दिसली की त्याच्या पायांची बोटे सैल पडायची. तेवढ्यापुरतीच सैल पडायची.

"कामून खात नाय गं?" पुतळाबाई विचारायची.

"भूक नाय माय."

"सांडूमामाच्या म्हशीला आसंच झालं व्हतं. पोटात जंत."

मग जंताचे औषध आले. मग काढा आला. मग बिरोबाचा भंडारा कपाळाला लागला. एका नातेवाईकाने सांगितले की आजकालच्या पोरींना बारीक व्हायचे वेड असते, मोबाइल काढून घ्या. मोबाइल गेला. मुंजाबाला जे येत होते ते त्याने केले. जनावराने चारा सोडला की ते रोज तोलायचे. तो गोकुळला रोज तोलू लागला. आकडा पुकारणे मात्र बंद झाले.

एका संध्याकाळी शेळ्या एकट्याच घरी आल्या. सगळ्या होत्या, पुढे चालणारी म्हातारी शेळीसुद्धा. राखणारा नव्हता. मुंजाबा धावत गेला. कंपनीच्या कुंपणाला लागून, चरायच्या पट्टीवर, गोकुळ पडलेला होता. ज्या खांद्यांवर पोती वाहिली, त्याच खांद्यांवर मुंजाबाने त्याला रस्त्यापर्यंत आणले. नंतर तो या खोलीतल्या मॅडमना म्हणाला, "म्याडम, करडू उचलल्यावानी वाटलं मला." त्या दिवशी त्याला काट्याची गरज पडली नव्हती.

शहरातल्या दवाखान्यात सलाइन लागले. तिथे एक जण म्हणाला, "हट्टी आहे पोरगी. दोन ठेवून द्या, खाईल." पण दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी पाहिली, रक्त पाहिले, आणि सांगितले की हा हट्ट नाही, आजार आहे, माणूस यात जातो. त्यांनी तनुजा मॅडमचा पत्ता दिला. मॅडम मनाच्या आजारांवर काम करतात, जेवणाशी वैर झालेल्या मुलांवर जास्त करून. त्यांनी पहिल्या भेटीतच घरच्यांना विचारले, "घरात वजनकाटा आहे का?"

"हाय ना. पक्का हाय," मुंजाबा अभिमानाने म्हणाला.

"तो घरातून हलवा."

दुसऱ्या दिवशी मुंजाबाने मला पोत्यात घातले, मोटारसायकलच्या मागे बांधले आणि इथे आणून ठेवले. "फेकवत नाय म्याडम. तुमच्याकडंच राहू द्या." तेव्हापासून मी या कपाटाखाली आहे. माझ्यावर कुणी उभे राहत नाही. गोकुळचे वजन डॉक्टर बाई घ्यायच्या, तेही त्याची पाठ काट्याकडे करून.

त्याने एकदा विचारले, "किती झालं?"

तनुजा मॅडम म्हणाल्या, "तो आकडा आमचं काम आहे. तुझं नाही. तुला आम्ही दुसरं काम देणार आहोत."

"काय?"

"मला सांग, मी तुला काय म्हणून हाक मारू?"

मित्रांनो, मी टॉवेलातून ऐकत होतो.  घड्याळ चालू होते. मग तो अगदी हळू म्हणाला, "गोकुळ."

"बरं. गोकुळ, पाणी घेणार का?"

एवढेच. त्यांनी कारण विचारले नाही, आश्चर्य दाखवले नाही. माठातून पाणी ओतल्याचा आवाज आला. सतरंजीवर त्याचे पाय होते, आणि त्या पायांची बोटे, माझी शपथ, सैल होती. आकडा न पाहता.

पुढे तो इथे पुष्कळ रडला. त्याने सांगितले की त्याला बारीक व्हायचेच नव्हते. त्याला ते अंग थांबवायचे होते, जे त्याचे नव्हते. न जेवणे एवढी एकच गोष्ट त्याच्या हातात होती. मॅडमनी त्याला कधी म्हटले नाही की तू चुकलास. त्या म्हणाल्या, "तू जिवंत राहायचा रस्ता शोधत होतास. तो रस्ता तुला मारायला निघाला. आपण दुसरा शोधू." मग आहार सांगणारी एक ताई यायची, ती कॅलरी बोलायची नाही. ती विचारायची, "गोठ्यात उभं राहून तू काय खायचास?" तो म्हणायचा, "बाजरीची भाकर आन् शेळीचं दूध." मग तेच लिहून दिले जायचे, थोडे थोडे. काही दिवस जमायचे. काही दिवस घास हातातच राहायचा. मॅडम शेजारी बसून स्वतःचा डबा खायच्या, कढीपत्त्याच्या गप्पा मारत.

अवघड होते ते घरच्यांचे. मॅडमनी दोघांना बोलावले. मुंजाबाचे पाय आणि पुतळाबाईची जोडवी मला शेजारी शेजारी दिसली.

"नाव बदलून काय पोट भरतंय व्हय म्याडम?" मुंजाबाने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरेच विचारत होता.

"नाही भरत, मुंजाबाभाऊ. पण ताटावर कुणीतरी बसायला तर पाहिजे. तुम्ही हाक मारता सृष्टीला. भूक लागलीय गोकुळला."

 पुतळाबाई उठली. जोडवी फरशीवर वाजली. "मी गोकुळ जल्माला नाय घातला," ती म्हणाली. "मही लेक मला वापस द्या. मंग मी येते."

ती परत आली नाही. गोकुळ तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर बसलेला होता. त्याने ऐकले. तो आठवडा त्याच्यासाठी फार वाईट गेला, आणि त्याला पुन्हा दवाखान्यात ठेवावे लागले. तिथून तो घरी गेला नाही. मॅडमच्या ओळखीचे हर्सूलला एक घर आहे. त्याच्यासारखे चार-पाच जण तिथे एकत्र राहतात, एकत्र जेवतात. तिथून तो कॉलेजला जाऊ लागला.

मुंजाबा मात्र दर आठवड्याला इथे यायचा, एकटा. कंपनीची पाळी सुटली की. तो मॅडमशी थोडेच बोलायचा. मॅडम चहा मागवायच्या, आणि कप तसाच गार होऊन परत जायचा. एकदा तो म्हणाला, "ताटावर बसलं की समोरची जागा दिसतीय म्याडम. रिकामी. पुतळा तिथं पाट मांडून ठिवती अजून. कुणाला बसू देत नाय." मला त्याचे फक्त पाय दिसायचे. चपलेचा पट्टा सैल झाला होता. पँटची शिवण पूर्वी घोट्याला असायची, ती आता टाचेखाली लोळायची. मला वाटले, त्याने नवी, लांब पँट घेतली असेल.

आता शेवटचे सांगतो. त्याआधी तुमच्याकडे एक मागणे आहे. मित्रांनो, मी काटा आहे, आणि मी खरे सांगतो. पण मी सांगतो ते फार थोडे असते. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याने सांगितलेला आकडा कुणाच्या तोंडावर पुकारू नका. वाढला म्हणून नाही, उतरला म्हणूनही नाही. तुमच्यातले कुणी ताटावरून उठत असेल, तर त्याला तोलण्याआधी विचारा की तुला काय म्हणू, तुला काय होतंय. आणि ते विचारून झाले की घरातल्या बाकीच्यांकडेही एकदा पाहा.

परवा गोकुळ खुर्चीवर बसला होता. अंगणाच्या दारात मोटारसायकल थांबली. मग करडाचे ओळखीचे बें-बें ऐकू आले. मुंजाबा आत आला, छातीशी पोते बांधलेले, आणि पोत्यातून एक डोके बाहेर.

"वकील!" गोकुळ ओरडला. ते करडू जन्मल्यापासून प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचे, म्हणून हे नाव गोकुळनेच ठेवले होते.

"इतका मोठा झाला व्हय रं तू?" गोकुळ करडाला म्हणाला.

"मोठा तर मोठा, पर भांडखोर," मुंजाबा म्हणाला. "तुहं नाव घेऊन रोज वरडतो. म्हन्लं, दाखवून आणावं." तो थांबला. "वजन करून दे ह्याचं. गिऱ्हाईक लागलंय माघं."

गिऱ्हाईक नव्हते. ते मला कळले, कारण व्यापाऱ्याला सांगताना मुंजाबा असा चाचरत नसे. मॅडमनी गोकुळकडे पाहिले असावे, कारण त्या म्हणाल्या, "तुला चालेल का? नको असेल तर नको."

"करडाचं हाय ना," गोकुळ म्हणाला. "चालंल."

टॉवेल निघाला. उजेड आला. किती दिवसांनी मला सगळी खोली दिसली. गोकुळने हाताने माझ्यावरची धूळ पुसली, मागचे चाक फिरवले आणि तबकडी शून्यावर आणली. मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला, दुसरीत बसायचा तसाच.

मुंजाबा करडाला कवेत घेऊन उभा होता. "वाच सृष्टे..." तो म्हणाला, आणि मध्येच थांबला. त्याचा श्वास मला वरून ऐकू आला. "वाच, गोकुळ," तो म्हणाला.

तो माझ्यावर चढला. तबकडी फिरली.

 गोकुळने डोळे पुसले, नाक ओढले आणि आकडा वाचला. "सदुसष्ट. सहासष्ट वजा." त्याने पुन्हा तबकडीकडे पाहिले. "एक. आबा, वकील एक किलोचा भरला."

मुंजाबा हसला. "मंग तुहा काटा बिघडला. म्याडमच्या घरी बसून आळशी झाला."

वकिलाने पाय झाडले. ते चांगले जड, भरदार करडू होते. गोकुळने मुंजाबाला खाली उतरवले. त्याने पुन्हा शून्य पाहिले. शून्य बरोबर होते. त्याने माठाशेजारची पाण्याची भरलेली कळशी माझ्यावर ठेवून पाहिली. कळशी किती लिटरची हे त्याला ठाऊक होते, आणि मी अचूक सांगितले. तो उठला नाही. तिथेच बसून त्याने बापाच्या पायांकडे पाहिले, टाचेखाली लोळणाऱ्या शिवणीकडे पाहिले, मग हळूहळू वर पाहिले.

"आबा, वकिलाला म्याडमजवळ द्या," तो म्हणाला. "नुसते उभे राहा."

"कशाला रं? सहासष्ट हाय ना ठरलेलं."

"उभे राहा, आबा."

मुंजाबाने करडू मॅडमच्या हातात दिले. भेगाळलेल्या टाचा आधी एक, मग दुसरी, अशा माझ्यावर आल्या. तबकडी फिरली, थोडी थरथरली आणि थांबली. गोकुळने वाकून वाचले.

त्रेपन्न.